दुकानाची पाटी आणि मोबाईलवरची ओळख



१९५६ साली जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आंध्रात, भालकी, औराद इकडे राहिले. सोयरीक तुटली नाही, बाजारही तुटला नाही. उदगीरकडचे गिऱ्हाईक आजही आपल्या दुकानात येते. मात्र घरातून निघण्याआधी ते मोबाईल पाहते. तिथे आपण दिसलो नाही, तर कुरिअरवाला त्याच्या दारात उभाच आहे.

पाटीचे म्हणाल, तर २०२४ च्या दुरुस्तीनुसार ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि तोही वरच्या भागात हवा. आपण कायदा पाळतो, पाळूच. पण व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरची मालाची यादी, गूगलवरची दुकानाची माहिती मराठीतही लिहायला कोणाची मनाई आहे? कन्नड गाळू नका. शेजारचे गिऱ्हाईक कन्नडच आहे. दोन्ही लिहा. गावाचे नावही दोन्ही तऱ्हांनी लिहा. २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, तरी सीमेपलीकडची म्हातारी माणसे गुलबर्गाच म्हणतात. आपल्या तुरीच्या डाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही गुलबर्गा याच नावाने!

वेबसाईटची हौस जपून करा. आमच्यातल्या एका कापड दुकानाची वेबसाईट नातवाने केली. नातू नोकरीला बेंगळुरूला गेला, पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. दुकानाचा फोन बदलला तरी तिथे जुनाच नंबर राहिला. गिऱ्हाईक फोन लावून कंटाळले. म्हणून वेबसाईटचा पत्ता मालकाच्या नावावर घ्या आणि दरवर्षीचे नूतनीकरण स्वतः लक्षात ठेवा. ‘.भारत’ने संपणारा देवनागरी पत्ता २०१४ पासून मिळतो, तोही पाहा.

एक अडचण मात्र आपल्या सीमाभागाचीच. भालकीहून बिदरला करपात्र माल पाठवला तर लहान दुकानदाराला जीएसटी नोंदणी लागतेच असे नाही. तोच माल पंचवीस-तीस मैलांवरच्या उदगीरला पाठवला की ती परराज्यातली विक्री ठरते, आणि उलाढाल कितीही थोडी असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेला ठरावीक मर्यादेपर्यंत यातून सूट आहे. बिदरीच्या कारागिरांनी ती विचारून घ्यावी. बाकीच्यांनी मोबाईलवर ऑर्डर घेण्याआधी कर सल्लागाराला भेटावे. सीमाभागातल्या लहान दुकानदाराला ही सवलत मिळावी, अशी मागणी आपण दोन्हीकडच्या आमदारांपुढे ठेवली पाहिजे. निवेदनाचा मसुदा तयार आहे; जाताना सह्या करून जा.