इक्बालांची पत्रं आणि करीम बीबी



मी कोड लिहिणारा माणूस, तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या भिंतीवर मी इक्बालांचं चित्र लावलं होतं. डोकं हातावर टेकवून विचारात बुडालेलं. पुढे त्यांची खासगी पत्रं वाचनात आली आणि ते चित्र पहिल्यासारखं दिसेना.

१९०५ साली इक्बाल केंब्रिजला गेले. इराणमधल्या तत्त्वचिंतनाच्या विकासावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९०७ मध्ये म्युनिक विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्याच उन्हाळ्यात ते जर्मन शिकायला हायडेलबर्गला होते. शिकवणारी एमा वेगेनास्ट. ताटातूट झाल्यावर इक्बाल तिला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये पत्रं लिहू लागले. भाषा हातातून निसटत चालली तेव्हा इंग्रजीत. एवढा विद्वान माणूस, पण पत्रात आपल्या चुकीच्या जर्मनबद्दल माफी मागतो! मध्ये महायुद्ध आलं, मोठा खंड पडला. मद्रासला धर्मविचाराच्या पुनर्रचनेवरची ती गाजलेली व्याख्यानं देऊन झाली, तरी १९३०च्या दशकातही ते तिला लिहीतच होते. ही पत्रं एमाने जपून ठेवली. आपल्यासमोर आहे ती फक्त इक्बालांची बाजू.

दुसरी पत्रं मुंबईच्या अतिया फैजींना. त्यांची बहीण नाजली ही आपल्या मुरूड-जंजिऱ्याची बेगम. अतियांनी जंजिऱ्याला बोलवायचं आणि इक्बालांनी जमत नाही म्हणून कळवायचं, असं बराच काळ चाललं. ते प्रेम होतं की मैत्री, यावर लोक अजून वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. मला अडकवून ठेवलं ते एप्रिल १९०९ च्या पत्राने.

त्यात इक्बाल लिहितात की अलीगढची तत्त्वज्ञानाची आणि लाहोरची इतिहासाची, दोन्ही प्राध्यापकपदं नाकारली. आयुष्य असह्य झालंय. बायको आपल्यावर लादली जातेय. आपलं लग्न ठरवायचा वडिलांना हक्क नव्हता. तिचा खर्च देईन, पण तिला सोबत ठेवून आयुष्य नासवणार नाही. माणूस म्हणून मलाही सुखाचा हक्क आहे. देश सोडावा, नाहीतर दारूचा आधार घ्यावा, इथवर ते येतात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्ण त्यांच्या बाजूने होतो. १८९३ मध्ये, मुलगा अजून शिकत असताना लग्न लावून दिलं, त्यात त्याचा काय दोष? काही वर्षांनी पुन्हा वाचलं, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. ज्या बाईबद्दल हे सगळं लिहिलंय तिचं नाव करीम बीबी. तीही त्याच लग्नात अडकली होती. दोन मुलांची आई. तिला असं कुणाला पत्र लिहिता येणार होतं? इक्बालांनी पुढे आणखी लग्नं केली. ती वेगळी राहिली, खर्चाचे पैसे येत राहिले.

काहीजण म्हणतात, अतियांनी १९४७ मध्ये ही पत्रं छापायलाच नको होती, बड्या माणसाची बदनामी झाली. मला नाही पटत. लाहोरच्या त्या तरुण बॅरिस्टरचं रडणं वाचून इक्बाल मला लहान वाटले नाहीत. 'खुदी'चा विचार मांडणाऱ्याचं 'नाही' त्याच्या स्वतःच्याच घरात ऐकलं गेलं नव्हतं, हे कळल्यावर तो विचार कुठल्या जखमेतून आला असेल याचा मला अंदाज येतो. फक्त माणसाच्या सुखाच्या हक्काबद्दल त्यांनी लिहिलेलं ते वाक्य मी आता करीम बीबीच्या नावानेही वाचतो.

गेल्या वर्षी माझ्या खालाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाला पसंत आहे का, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं. त्या रात्री मी तिला व्हॉट्सॲपवर विचारलं, "तुझं काय?" उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, "भाईजान, मला थोडा वेळ हवाय." मी तो मेसेज तसाच खालूंना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले, मग मुलाकडच्यांना फोन लावायला उठले.