कापरेकर आणि ६१७४

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षकाची नोकरी करत आयुष्यभर संख्यांचा अभ्यास केला. त्यांनी शोधलेला ६१७४ हा स्थिरांक जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो.

सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, पुढे ८३५२, आणि मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हीच संख्या येते. केवळ वजाबाकी येणाऱ्या मुलालाही हा शोध स्वतः पडताळता येतो. गणिताची गोडी अशाच पडताळ्यातून लागते आणि टिकते.