उतार आणि माती
वर्गात सहज जमणारा एक प्रयोग सांगते. दोन सारख्या ट्रेंमध्ये तीच माती तेवढीच दाबून भरा. एकाच्या टोकाखाली एक वीट ठेवा, दुसऱ्याच्या तीन. दोन्हींवर झारीने सारखंच पाणी शिंपडा. तीन विटांच्या ट्रेमधून येणारं पाणी जास्त गढूळ दिसेल. तो गाळ वाळवून मुलांनाच तोलू द्या. आकडा त्यांच्या हातून निघाला पाहिजे. उतार जास्त, तसं पाणी वेगाने धावतं; पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याची गतिज ऊर्जा चौपट होते, शिवाय मुरायला उसंत मिळत नाही. आता नवी माती भरून, उताराला आडव्या चरी ओढून पुन्हा पाणी घाला. आपल्या डोंगरउतारांवरचे समतल चर असंच पाणी अडवतात आणि मातीही धरून ठेवतात.