वकीलपत्रावर सही करण्याआधी

(फुलसावंगी, ता. महागाव येथील बैठकीत केलेले भाषण)



सभा सुरू व्हायच्या आधी एका आजीने मला बाजूला घेतले. म्हणाली, "बाबू, विम्याच्या कामाचा एखादा चांगला वकील सांग." विहिरीवर मोटार सुरू करताना तिच्या मुलाला करंट लागला, तो गेला. घरात सून आहे, दोन लेकरे आहेत. कुणीतरी तिला सांगितले की वकिलाशिवाय सरकारी विमा मिळत नाही आणि मिळाला तर चार आण्यांचा वाटा वकिलाचा. आजीच्या कामाचे मी शेवटी बोलतो. पण तिने विचारलेला प्रश्न आज इथे बसलेल्या पुष्कळांचा आहे, म्हणून आजचे भाषण त्याच्यावरच.

आपण रस्त्यावर बसणारी माणसे. लाठीला भीत नाही, तुरुंगाला भीत नाही; वकिलाच्या काळ्या कोटाला मात्र भितो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण पाठ केली आहे. विमा कंपन्यांना ही म्हण फार आवडते. त्यांचे वकील यादीवर ठरलेले असतात आणि दावा नाकारण्याचे पत्र टाइप करायला त्यांना पाच मिनिटे लागतात. शंभरातले नव्वद लोक पुढे येणारच नाहीत, या हिशोबावर त्यांचे काम चालते.

मी माझ्याच घरचा दाखला देतो. २०११ साली सप्टेंबरात माझा साळा पऱ्हाटीत निंदण करताना साप चावून मेला. तेव्हा शेतकरी जनता अपघात विमा योजना होती, एक लाख रुपयांची. कागद कृषी खात्याकडे वेळेवर दिले. काही महिन्यांनी कंपनीचे पत्र आले: व्हिसेऱ्याचा रासायनिक तपासणी अहवाल नाही, दावा नामंजूर. आम्हाला वकील शोधावा लागला नाही, वकीलच आम्हाला शोधत आला. त्याने चौथा हिस्सा बोलला. अस्सल सात-बारा, फेरफार, पोस्टमार्टेमचा कागद, पंचनामा, कंपनीचे पत्र, सगळे पिशवीत घालून नेले. साळ्याच्या बायकोने कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा दिला. पुढे तीन वर्षे "तारीख पडली" एवढेच ऐकले. शेवटी मी यवतमाळला जाऊन चौकशी केली, तेव्हा समजले की तक्रार दाखलच झालेली नाही. कागद मागितले तर म्हणतो, आधी माझा खर्च द्या.

त्या वकिलाला शिव्या देऊन भागत नाही. आम्ही कुठे कुठे चुकलो ते मी नंतर एकेक करून शिकलो.

पहिली चूक, तारीख. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. उशीर माफ होऊ शकतो, पण पटेल असे कारण दाखवावे लागते, आणि आमच्याजवळ तर कागदच उरले नव्हते. म्हणून नकाराचे पत्र आले की ते मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा आणि पाकीट जपा. मोटार अपघाताच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्यावरचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तुम्ही त्या वादात पडू नका, सहा महिन्यांच्या आत जा.

दुसरी चूक म्हणजे घरी चालत आलेला वकील. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाने जाहिरात करायची नाही, गिऱ्हाईक गोळा करायचे नाही, दलाल तर ठेवायचाच नाही. आणि निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. म्हणजे तो चौथा हिस्सा मुळात नियमाबाहेरचा. मोटार अपघाताच्या कामात तर हा वाटा ठरलेलाच समजतात. भरपाई बँकेत जमा व्हायच्या आधीच कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवतात. देऊ नका. फी आकड्यात ठरवा, टप्प्याटप्प्याने द्या, प्रत्येक वेळी पावती घ्या. टायपिंग, झेरॉक्स, येण्याजाण्याचा खर्च फीत धरला आहे की वेगळा, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.

तिसरी चूक अस्सल कागदांची. वकिलाला झेरॉक्स द्यायची, अस्सल कागद आपल्या पेटीत. कोर्ट मागेल तेव्हा दाखवायचे. आणि दिलेच असतील, तर फी बाकी आहे म्हणून वकिलाला ते अडवून ठेवता येत नाहीत; सुप्रीम कोर्टाने २००० साली तसा निकाल दिला आहे. हे मला तेव्हा माहीत असते तर त्याच्या दारात मी हात जोडून उभा राहिलो नसतो.

चौथी चूक आजही मनाला लागते. साळ्याच्या बायकोला वकील फुकट मिळाला असता! १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईमाणसाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, पूर-दुष्काळात सापडलेल्याला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. फुकटचा वकील बरा नसतो असे लोक म्हणतात. काही नसतातही. पण चौथा हिस्सा मागणाऱ्याने आमचे काय भले केले?

आता अनुभवी वकील ओळखायचा कसा. पाटी पाहून कळत नाही. यवतमाळला ग्राहक आयोगात एक दिवस मोडा, मागच्या बाकावर बसा. विमा कंपनीविरुद्ध तक्रारदाराच्या बाजूने कोण उभा राहतो, तारखेला स्वतः येतो की रोज मुदत मागतो, ते दिसते. त्याला जाऊन सांगा, तुम्ही चालवलेल्या दोन विमा प्रकरणांचे निकाल दाखवा. निकाल उघड असतात, त्यावर वकिलाचे नाव असते. पूर्वी कंपनीकडून लढलेला असेल तर बिघडत नाही, उलट त्याला तिकडच्या खुब्या माहीत असतात. पण आज त्याच कंपनीच्या यादीवर असेल तर नमस्कार करून उठा.

तो काय बोलतो यापेक्षा तो काय विचारतो ते ऐका. जाणता वकील आधी विचारेल, नकाराचे पत्र कुठे आहे, पॉलिसीची प्रत कुठे आहे, कळवल्याची पोच आहे का. "शंभर टक्के मिळवून देतो" म्हणणाऱ्याने अजून तुमचा कागद उघडलेला नसतो. "यात दम नाही, खर्च करू नका" असे तोंडावर सांगणारा भेटला तर त्याचा पत्ता लिहून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

पीक विम्याच्या वकिलासाठी माझी एक परीक्षा आहे. त्याला विचारा, उंबरठा उत्पन्न म्हणजे काय? महसूल मंडळाचे गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांचे सरासरी उत्पन्न घ्यायचे आणि त्याला जोखीमस्तराने, आपल्याकडे ७० टक्क्यांनी, गुणायचे. समजा उंबरठा आठ क्विंटल निघाला, कापणी प्रयोगात सहा आले, तर तूट चौथा हिस्सा. विमा रक्कम ५०,००० असेल तर भरपाई १२,५००. ज्याला हे सांगता येत नाही, त्याची फौजदारीत कितीही कीर्ती असो, तो तुमच्या कामाचा नाही. २०२३ च्या खरिपात आलेला एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता ज्वारीला दोन टक्के आणि कापसाला पाच टक्के हप्ता आपल्या खिशातून जातो, आणि भरपाई राज्याने कापणी प्रयोगावर आणून ठेवली. म्हणजे सगळा खेळ त्या प्रयोगाच्या प्लॉटवर. प्रयोग कोणाच्या शेतात झाला, कापणीला कोण हजर होते, वजन किती लिहिले, त्या नोंदीची नक्कल वकिलाने मागितली पाहिजे. त्याने मागितली नाही तर तुम्ही माहितीच्या अधिकारात काढून त्याच्यासमोर ठेवा.

आणि मंडळाचे भांडण एकट्याने लढू नये. उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, तिथले २०२० च्या खरिपाचे सोयाबीन पावसात गेले. कंपनी म्हणाली, बहात्तर तासांत कळवले नाही. शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले. सरकारी पंचनाम्यात नुकसान दिसतच होते. मे २०२२ मध्ये कोर्टाने साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्या म्हणून हुकूम केला. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली तर तिला आधी २०० कोटी भरायला लावले. एकेकट्याने अशी लढाई कोणाला परवडली असती? आपल्यासाठी नागपूरचे खंडपीठ आहे. पण आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. कोर्ट पहिला प्रश्न तोच विचारते.

घरच्या पॉलिसीचे, ट्रॅक्टरचे, जनावराचे काम मात्र ग्राहक आयोगाचे. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, स्वतः उभे राहून बोलताही येते. कंपनी अपिलात गेली तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून आपल्या वकिलाला सुरुवातीलाच विचारा, अपील झाले तर नागपूरला तुम्ही येणार का, आणि त्याचे वेगळे किती?

एक कडू गोष्ट. वकिलाने काम बिघडवले तर त्याला ग्राहक आयोगात खेचता येत नाही. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तसे ठरवले. गैरवर्तणुकीची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते, पण ती करून बुडालेला दावा परत येत नाही. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, चार जणांना विचारतो. वकीलपत्रावर अंगठा द्यायला आपल्याला एक चहा पुरतो.

आता आजी, तुमचे काम. एप्रिल २०२३ पासून शेतकरी अपघाताच्या योजनेत विमा कंपनीच नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ती योजना आता सानुग्रह अनुदानाची आहे, मृत्यूला दोन लाख, निर्णय तहसीलदारांची समिती करते. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत द्यायचा. वकील लागत नाही, वाटाही कोणाला द्यायचा नाही. तुमच्या मुलाला जाऊन आज अठरा दिवस झाले. सात-बारा, वारसाची नोंद, पोलिसांचा पंचनामा, पोस्टमार्टेमचा कागद आणि सुनेचे पासबुक घ्या. सोमवारी सकाळच्या गाडीने महागावला जाऊ. मी इथे स्टँडवर उभा राहीन.