चुन्याची निवळी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख 'संगणक अभियंता' अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आणि रसायनशास्त्राच्या तोंडीला पहिली!" मला त्या पहिल्या नंबराबद्दलच बोलायचं आहे.

१९९६ साली आपण नववीत होतो. सत्र संपताना बाई एकेकाला फळ्यापाशी उभं करायच्या. पाच मिनिटं, हातात वही नाही. 'या सत्रात रसायनशास्त्रात काय शिकलात ते सांगा,' एवढंच. आपण सगळे व्याख्या पाठ करून जायचो. मी तर स्वल्पविरामासकट.

माझ्या बाकावरची मैत्रीण आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. आम्हा दोघींचा प्रयोग होता चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालण्याचा. निवळी दुधाळ झाली, मी जर्नलमध्ये लिहून मोकळी झाले. ही मात्र फुंकतच राहिली. बऱ्याच वेळाने परीक्षानळी पुन्हा नितळ! ती घाबरली. मी म्हटलं, "ओतून टाक. पुस्तकात असं नाहीये. कुणाला सांगू नकोस."

तोंडीच्या दिवशी तिने सांगितलंच. वर्ग हसला. बाईंनी मला विचारलं, "तू होतीस ना बरोबर? काय झालं होतं?" मी म्हणाले, "दुधाळ झाली होती, बाई." खोटं नव्हतं म्हणा, अर्धं होतं. तेवढ्यात घंटा झाली. ती डोळे पुसत जागेवर बसली, आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

पुढे कॉलेजात कळलं ते असं. दुधाळ दिसतं ते कॅल्शियम कार्बोनेट, पाण्यात न विरघळणारं. त्याला आणखी कार्बन डायऑक्साइड मिळाला की कॅल्शियम बायकार्बोनेट होतं. ते विरघळतं, म्हणून पाणी नितळ. ते पाणी उकळलं की कार्बोनेट परत तळाशी. आपल्या घरच्या बंबात विहिरीच्या पाण्याचा पांढरा थर धरायचा, तो हाच. माझी मैत्रीण नुसत्या फुंकरीने पुढच्या धड्यात जाऊन पोचली होती, आणि मी तिला मोरीकडे पाठवत होते.

सध्या पुण्यात घराजवळच्या एका शाळेत मी शनिवारी जाते. नववीच्या मुलांकडून अशाच तोंडी सादरीकरणाची तयारी करून घेते. पहिल्या दिवशी सगळे कागद घेऊन येतात. कागद मी काढून घेते. मग विचारते: काय केलंस? काय होईल असं वाटलं होतं? प्रत्यक्षात काय दिसलं? नावं, सूत्रं त्यानंतर. आमच्या धंद्यातही प्रोग्राम बिघडला की आम्ही हेच तीन प्रश्न विचारतो, त्यामुळे यात माझी हुशारी काही नाही.

गेल्या सत्रात एका मुलाने मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला होता. खिळ्यावर तांबूस थर आला. "खिळा गंजला," तो म्हणाला. बाकीचे हसले. मी विचारलं, "गंजच असेल, तर पाण्याचा निळा रंग फिका का झाला?" तो दोन दिवस विचार करत होता. शेवटी म्हणाला, "निळा रंग तांब्यामुळे होता ना? मग तेच तांबं खिळ्यावर आलं असणार. आणि लोखंड पाण्यात गेलं असेल." द्रावण हिरवट का दिसतंय, हेही मग त्याने आपलं आपणच लावलं. ती आधीची चूक पुसू नकोस, तिथूनच सुरुवात कर, असं मी त्याला बजावलं. सादरीकरणात तो दोनदा अडखळला. पण शिक्षकांनी उलटसुलट विचारलं तेव्हा ढळला नाही. पाठ केलेलं पोर पहिल्या 'का'लाच गारद होतं. मला बाईंनी तेव्हा एक जरी 'का' विचारला असता, तर आज मागच्या रांगेतून आरोळी आली नसती.

त्या मुलाला घडलं ते सांग, असं बजावताना दर वेळी मला तू आठवलीस. अट्ठावीस वर्षांत आपण लग्नाकार्यात भेटलो, फोनवर तासन्‌तास बोललो, पण हा विषय मी कधी काढला नाही. बाई, त्या दिवशी निवळी नितळ झाली होती. ती खरं बोलत होती.

पानाच्या चुन्याची निवळी काल रात्री करून बाटलीतून आणली आहे. पाणी घालून पातळ केली आहे, म्हणजे जेवणं खोळंबायची नाहीत. ये गं वर. या वेळी फुंकर मी घालते, आणि काय दिसतंय ते सगळ्यांना तू सांग.