पहाटे पळणाऱ्या लेकींसाठी हलकं जर्किन

 

आज आम्ही जर्किनावर बोलणार आहोत. काही जणी हसतील. शेळ्या, शिलाई मशीन, कर्जाचा हप्ता हे सोडून जर्किन कुठून आलं मध्येच? तर ते आमच्या गटाच्या बैठकीतूनच आलं, आणि आमच्या हातून एक चूक झाली म्हणून आलं. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हे बोलणं.

आमच्या गटातल्या पाच घरांतल्या पाच मुली पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. म्हणजे ५० पैकी ३५ गुण नुसत्या पायांवर. त्यामुळं या मुली पहाटे पाचला उठून मैदानावर जातात. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. डिसेंबर लागला, उत्तरेचा वारा सुटला, पारा दहा अंशांच्या आसपास आला, तशी एकेक मुलगी गळायला लागली. कुणाचे कान दुखायचे, कुणाला खोकला. एक ताई बैठकीत म्हणाल्या, "पोरगी स्वेटर घालून जाती, तर घामानं भिजती. काढून ठेवती, तर वारं सोसत नाही. काय करावं?"

आम्ही एकाच बैठकीत ठराव घेतला. गटातून अंतर्गत कर्ज काढायचं आणि पाचही मुलींना जर्किन घ्यायचं. साडेचारशेला एक, पाचाचे बावीसशे पन्नास. दोघी जणी जाऊन घेऊन आलो. चकचकीत, गुळगुळीत कापड. दुकानदार म्हणाला, आतून वारा जाणार नाही, पाणी जाणार नाही. आम्हाला वाटलं, झालं काम. पण घाम बाहेर कुठून जाणार, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी एक मुलगी मैदानावर मटकन खाली बसली. डोळ्यापुढं अंधारी आली होती. चेन उघडली तर आतला शर्ट पिळून काढावा इतका ओला. तिनं चेन गळ्यापर्यंत लावून, न थांबता चकरा मारल्या होत्या. कारण कुणीतरी तिला सांगितलं होतं, घाम जास्त आला की वजन लवकर उतरतं. मैत्रिणींनो, हे डोक्यातून काढून टाका. घामानं जे वजन उतरतं ते अंगातलं पाणी असतं, दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं. चरबी घामातून जात नाही. उलट अंगातली उष्णता कोंडली तर चक्कर येते, आणि जास्त झालं तर जिवावर बेततं. ती मुलगी सावलीत बसून, मीठ-साखरेचं पाणी पिऊन बरी झाली. पण आमच्या पोटात गोळा आला होता.

मग आम्ही नीट माहिती घेतली. ज्यांना यातलं कळतं त्यांना विचारलं, कापड हातात घेऊन बघितलं. जे कळलं ते सांगतो.

आधी घामाचं काम काय ते समजून घेऊ. आपल्या घरचा माठ आठवा. माठातून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार. घामाचं तसंच आहे. पळताना अंग तापतं, घाम येतो, तो वाळला की अंग निवतं. आता त्याच माठाला बाहेरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर? पाणी गार होणार नाही. आमच्या पाच जर्किनांनी मुलींचं नेमकं हेच केलं होतं.

मग वाऱ्याचं काय? आपल्या अंगाभोवती ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर उडवून नेतो, म्हणून हुडहुडी भरते. त्यात पळणारी मुलगी स्वतःच वारा तयार करते. वारं पडलेलं असलं तरी ताशी दहा किलोमीटरनं पळणाऱ्या मुलीला समोरून तेवढाच वारा लागतो. म्हणून पळण्यासाठी असं कापड लागतं, जे समोरचा वारा अडवेल आणि आतली वाफ बाहेर जाऊ देईल. आपण ज्याला विंडचीटर म्हणतो ते हेच. रेनकोट वेगळा, जाड थंडीचं जर्किन वेगळं, विंडचीटर वेगळं. पळायला विंडचीटर घ्यायचं.

ते ओळखायचं कसं? लेबल वाचता आलं नाही तरी चालेल. चार परीक्षा आहेत.

पहिली फुंकरीची. कापड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंकर मारा. हवा सरळ आरपार गेली तर ते वारा अडवणार नाही. अजिबात गेली नाही तर मनात शंका धरा. अडखळत, थोडीशी गेली तर ते पळायला बरं.

दुसरी वाफेची. ही दुकानात जमणार नाही, पण घरी आणलेल्या कापडावर जरूर करा. आम्ही बैठकीत चहाच्या वेळी केली. पेल्यात कडक पाणी घ्या, तोंडावर जर्किनाचं कापड ताणून रबर लावा आणि वर दोन बोटांवर गार स्टीलची ताटली धरा. थोड्या वेळानं ताटलीवर दव धरलं तर वाफ बाहेर येते आहे. ताटली कोरडी आणि कापडाची आतली बाजू ओली, तर घाम आतच राहणार. आमच्या चकचकीत जर्किनाला ताटली कोरडीठाक राहिली. सगळ्या जणी गप्प झालो. ही परीक्षा आधी एखाद्या तुकड्यावर केली असती तर बावीसशे वाचले असते.

तिसरी वजनाची. पळायचं विंडचीटर शंभर-दोनशे ग्रॅमचं असतं, म्हणजे एक-दोन मध्यम कांद्यांएवढं. घडी केली की मुठीत मावतं. जड असेल तर आतून अस्तर आहे किंवा कापडाला प्लास्टिकचा जाड थर दिलेला आहे.

चौथी हातांची. घालून दोन्ही हात सरळ वर करा. कमरेवरून कापड वर सरकायला नको. मग कोपरात हात वाकवून पळल्यासारखे हलवा. काखेत आवळलं तर ते नको, फार ढगळ होऊन फडफडलं तर तेही नको. आपल्याकडं दुकानात बहुतेक मुलांच्या मापाची असतात, खांद्यात सैल आणि कमरेखाली घट्ट. म्हणून मुलीला सोबत न्या. आम्ही मुलींना न नेता घेऊन आलो, ही आमची दुसरी चूक.

आता बाकीच्या गोष्टी. चेन पूर्ण उघडणारी हवी, म्हणजे तापलं की थोडी खाली घेता येते. काखेत किंवा पाठीवर जाळीचं कापड असेल तर फार चांगलं. बाहीला इलास्टिक असावं. टोपीची पळताना गरज नाही, ती वाऱ्यानं मागं ओढते. कानाला रुमाल किंवा पातळ कानपट्टी बांधली की भागतं. पाण्याच्या चार थेंबांना दाद देत नाही इतकं पुरे. "एकदम वॉटरप्रूफ" म्हणून जास्त पैसे देऊ नका.

आतमध्ये काय घालायचं हेही महत्त्वाचं आहे. सुती बनियन घाम पिऊन घेतं आणि ओलंच राहतं, मग थांबल्यावर त्या ओल्यानं हुडहुडी भरते. त्यापेक्षा खेळाचा पातळ पॉलिएस्टरचा टी-शर्ट बरा, तो लवकर वाळतो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिल्या चकरेनंतर अंग तापतंच. निघतानाच ऊब वाटत असेल तर कपडे जास्त झाले असं समजा. जोराचा सराव सुरू झाला की जर्किन काढून कमरेला बांधा आणि पळणं थांबलं की लगेच परत घाला. खरी थंडी थांबल्यावर वाजते.

आणि उजेडाचं विसरू नका. हिवाळ्यात ऊसतोडीचा हंगाम असतो. पहाटे अंधारात रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो, आणि त्यांच्या मागून येणाऱ्याला पळणारी पोरगी दिसत नाही. म्हणून काळं, निळं जर्किन घेऊ नका. पिवळं, नारिंगी, पोपटी घ्या. पाठीवर आणि बाहीवर चमकणारी पट्टी नसेल तर घरच्या मशीनवर शिवून घ्या. आणि होईल तितकं मैदानातच पळू द्या, रस्त्यावर नको.

धुवायचं कसं? गार पाण्यात, थोड्या साबणानं, हातानं. दगडावर आपटू नका, ब्रशनं घासू नका, सावलीत वाळवा. आणि एक गोष्ट कानात बांधून ठेवा. हे कापड घालून चुलीपुढं बसायचं नाही. पॉलिएस्टर, नायलॉन पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. पळून आलेली मुलगी शेकायला थेट चुलीकडं येते. आधी जर्किन खुंटीला, मग चूल.

आता मनातलं बोलतो. ती मुलगी चक्कर येऊन बसली, तेव्हा आम्ही तिला विचारलं, "अगं, एवढं गरम होत होतं तर चेन का नाही उघडलीस?" ती खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मैदानाच्या कट्ट्यावर पोरं बसतात." तेवढंच. घाम आणि वजन हे अर्धं कारण होतं. उरलेलं अर्धं हे होतं. आम्ही वाऱ्यासाठी जर्किन आणलं, आणि ती ते नजरांसाठी घालत होती. आपल्या लेकी उन्हाळ्यातसुद्धा मोठी ओढणी, जाड जर्किन घालून पळतात ते थंडीमुळं नाही, हे आपल्यापैकी कितीजणींच्या लक्षात आलं होतं?

बारामतीला २०१४ मध्ये लता करे नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून पळाल्या. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यातून निघून २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आली. माण तालुक्यातल्या दुष्काळी गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली. जर्किन कुणाला धावपटू करत नाही, हे यातून कळतं. पण या तिघींकडं गावातलं कुणीच बघत नसेल का? बघतच असतील. तरी त्या पळाल्या. आपल्या लेकींनी त्याचं ओझं एकटीनं का उचलावं?

म्हणून आम्ही दुसरा ठराव केला, आणि तो आम्हाला जर्किनापेक्षा मोठा वाटतो. रोज पहाटे गटातल्या दोघी जणी पाळीनं मैदानावर जातात. दूध काढून, शाल पांघरून, कट्ट्यावरच बसतात. काही बोलत नाहीत, भांडत नाहीत, नुसत्या बसतात. तीन-चार दिवसांत कट्टा मोकळा झाला. पाचवी मुलगी, जी सराव सोडून घरी बसली होती, ती परत यायला लागली. आता दोघी ताया स्वतःच मैदानाला दोन चकरा चालतात. गुडघे दुखायचे कमी झाले म्हणतात.

त्या पाच जर्किनांचं काय झालं, तेही सांगतो. आमच्या शिलाईवाल्या ताईंनी काखेत आणि पाठीवर कापड कापून जाळी लावली, चमकणारी पट्टी शिवली. पळायला ती अजूनही तितकी बरी नाहीत, पण सायकलवर क्लासला जाता-येता चालतात. कर्जाचे हप्ते आम्ही वेळेवर भरले. नवी विंडचीटर एकदम पाच न घेता आधी एकच घेतली, साडेसहाशेची, पिवळ्या रंगाची. ती आळीपाळीनं पाचहीजणींनी आठवडाभर वापरली. पसंत पडली तेव्हाच बाकीची आणली.

तर मैत्रिणींनो, घ्यायला जाल तेव्हा मुलीला सोबत न्या. फुंकर मारून बघा, वजन हातात तोलून बघा, हात वर करायला लावा, आणि आधी एकच घ्या. पहाटे तिच्यासोबत आपल्यापैकी एकीनं तरी मैदानापर्यंत जा. भरतीच्या दिवशी छातीवरचा नंबर दिसायला हवा, तेव्हा जर्किन काढूनच पळावं लागेल. त्या दिवशी तिला अंगावर काही नाही असं वाटू नये, म्हणून आत्तापासून तिच्या पाठीशी उभं राहू.

पाणी प्या, काळजी घ्या. पुढच्या आठवड्यात शिलाईच्या कामाचा हिशोब कसा ठेवायचा, त्यावर बोलू. नमस्कार.