आमची कॉन्टेसा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्यापूर्वी बोलून गेलेल्या विद्वानांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि छत्तीसगडातील भोसलेकालीन मराठी वस्ती अशा भारदस्त विषयांस हात घातला. आम्हांस मात्र कार्यकारिणीने सांगितले, "तुमच्या त्या लांबलचक गाडीवर बोला." विषय हलका आहे, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या वस्तूवर मनुष्य वर्षानुवर्षे पैसा घालतो आणि ज्या पैशाचा हिशेब त्याला घरात देता येत नाही, ती वस्तू अगदीच हलकी मानणे कठीण आहे.

आमची गाडी म्हणजे 1997 सालची कॉन्टेसा क्लासिक. रंग पांढरा. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झाले तेव्हा ती तीन वर्षांची होती, म्हणून तिच्या पाटीवर अजून जुन्या मध्यप्रदेशाची अक्षरे आहेत. कॉन्टेसा हा इटालियन शब्द. अर्थ उमरावाची पत्नी. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यातून ही गाडी 1984 साली बाहेर पडली. आराखडा मूळचा इंग्लंडातील व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हिक्टर मालिकेचा. ती मालिका तिकडे 1972 मध्ये आली आणि 1978 मध्ये संपलीही. म्हणजे विलायतेत सेवानिवृत्त झालेली बाई आमच्याकडे नववधू होऊन आली! आरंभी तिच्या त्या भव्य देहात अॅम्बॅसडरचेच 1489 घनसेंटिमीटरचे इंजिन बसविले होते, आणि ते बिचारे पुरे पडत नसे. पुढे जपानच्या इसुझू कंपनीच्या आराखड्याचे 1.8 लिटरचे इंजिन आले, पाचवा गिअर आला, पाठीवर 'क्लासिक' ही अक्षरे लागली आणि गाडी आपल्या नावास शोभू लागली. ही इंजिने इंदूरजवळच्या पीथमपूरला होत. तेव्हा तिच्या अंगात आपल्या जुन्या राज्याचाही अंश आहे. 2002 मध्ये तिचे उत्पादन थांबले.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली आणि त्यापाठोपाठ 1984 मध्ये ही. देश कोणत्या बाजूस गेला, हे सांगावयास नको. तो योग्यच बाजूस गेला. पण शाळकरी वयात ज्याने पहिली कॉन्टेसा पाहिली, त्याच्या मनात 'मोटार' या शब्दाबरोबर जे चित्र उमटते, ते त्यानंतर बदललेले नाही.

या बाबतीत रायपूरचे स्थानही मौजेचे आहे. आपल्या दाराशी असलेला महामार्ग, जो पूर्वी क्रमांक 6 होता व आता 53 म्हणून ओळखला जातो, त्या रस्त्याने पूर्वेस निघालो तर संबळपूरवरून कोलकात्याकडे जाता येते, आणि पश्चिमेस निघालो तर नागपूर, अमरावती, धुळे करीत मुंबईकडे वळता येते. त्या टोकाला उत्तरपाडा आणि या टोकाला कुर्ला. कुर्ल्यात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. ही कंपनी 1944 ची. तिच्यातून फियाट आली आणि पुढे त्याच गाडीचे 'पद्मिनी' असे बारसे झाले. आमच्या लहानपणी साहेबलोक अॅम्बॅसडरमधून उतरत आणि मुंबईकडचे पाहुणे फियाटमधून. पाहुण्यांचे गाव गाडीवरूनच ओळखू येई. आज त्या दोन्ही टोकांचे दिवे मालवले आहेत. अॅम्बॅसडर 2014 च्या मे महिन्यात थांबली, आणि 2017 मध्ये तिचे नुसते नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने 80 कोटी रुपयांस घेतले. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षे 2023 च्या ऑक्टोबरअखेर भरली.

आता सुखाकडे वळू. पहिले सुख असे, की चालकाच्या जागेवरून या गाडीचे बॉनेट दिसते. हे ऐकून तरुण मंडळी हसतील. परंतु त्यांनी आपल्या गाडीत बसून पाहावे. काचेपुढे गाडी कोठे संपते, हे आजच्या चालकाला दिसत नाही. ते त्याला यंत्र शिट्टी वाजवून सांगते. आमच्यासमोर मात्र पांढऱ्या पत्र्याचे मैदान पसरलेले असते, त्याच्या दोन्ही कडा नजरेच्या टप्प्यात असतात, आणि आभाळातला ढग त्यावरून सरकत काचेपर्यंत येतो. खांब बारीक, काचा मोठ्या. बसल्याजागी चारी दिशा मोकळ्या. दुसरे सुख मागच्या चाकांचे. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढची चाके ओढून नेतात. हिला मागची चाके ढकलतात. वळणावरून बाहेर पडताना पायाखाली जरा जोर दिला, की कोणी वडीलधाऱ्याने पाठीवर हात ठेवून पुढे सरकवावे, तसे वाटते.

गोलबाजारात ही गाडी नेणे हे धाडस आहे; आम्ही ते करीत नाही. तिचा खरा संसार नागपूरच्या रस्त्यावर. टाटीबंध सोडले, भिलाई आणि दुर्ग मागे टाकले, शिवनाथ ओलांडली, राजनांदगाव गेले, की पुढे रान सुरू होते. मातोश्री मागच्या आसनावर उशी घेऊन आडव्या होतात. आम्ही ताशी सत्तरच्या पुढे जात नाही. सगळे जग आम्हांस मागे टाकून जाते, आणि जाताना पुष्कळजण काच खाली करून पाहतात. बाघनदीशी महाराष्ट्राची हद्द लागते. लिपी दोन्हीकडे देवनागरीच, त्यामुळे वेगाने जाणाऱ्यास काही बदलल्याचे कळतही नाही. पण सत्तरच्या चालीने जाणाऱ्यास 'धीरे चलें' संपून 'वाहने सावकाश चालवा' केव्हा सुरू झाले, ते नेमके दिसते. ती पहिली पाटी आमची सौभाग्यवती दर खेपेस मोठ्याने वाचते, आणि मातोश्री डोळे न उघडता "आलं का देवरी?" असे विचारतात. आम्हां रायपूरकरांना हे सुख समजावून सांगावयास नको. परतताना डिकीत संत्र्याच्या पेट्या असतात, सीताबर्डीवरून घेतलेले दिवाळी अंक असतात, कोणाच्या तरी लग्नाचा आहेर असतो, आणि तरीही तीत जागा उरते.

या सुखाची किंमत आहे. लिटरला आठनऊ किलोमीटर ही तिची भूक. तिच्यात एअरबॅग नाही, अडकून न बसणारे आधुनिक ब्रेक नाहीत. म्हणून चिरंजीवांना आम्ही ती रात्री देत नाही, आणि त्यांनीही कधी मागितली नाही. सुटे भाग कोलकात्याच्या मल्लिकबाजारातून शोधून आणवावे लागतात. कोणी म्हणतात, जुन्या रूपाची एवढी हौस आहे तर नव्या देहावर जुना चेहरा चढविलेल्या गाड्या मिळतात, त्यांतली घ्या. जर्मनांनी 1997 मध्ये बीटलचे असेच पुनरुज्जीवन केले, 2001 मध्ये मिनीचे झाले, 2007 मध्ये इटलीत छोट्या फियाटचे. या गाड्या गुणी आहेत, सकाळी विनातक्रार सुरू होतात. परंतु आमच्या गाडीला थंडीच्या दिवसांत चोक ओढून दोन मिनिटे थांबावे लागते. त्या दोन मिनिटांत फाटकावरच्या मधुमालतीकडे लक्ष जाते. नुसता चेहरा विकत घेऊन हे मिळत नाही.

आता एका अवघड गोष्टीकडे येतो. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, ती मोडीत काढावी लागतात. आमच्या कार्यालयातील अशा वाहनांच्या यादीवर इतरांबरोबर आमचीही सही आहे. त्यांत एक अॅम्बॅसडर होती. क्रेनने ती उचलून नेली तेव्हा मागच्या काचेचे पडदे कोणी काढलेले नव्हते. त्या सायंकाळी घरी आलो तो सव्वीस वर्षांची कॉन्टेसा पोर्चमध्ये उभी! शेजाऱ्यांनी विचारले, "साहेब, नियम फक्त कचेरीलाच का?" प्रश्न रास्त होता. उत्तर असे, की खासगी गाडीस पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करवून मुदत वाढवून घेता येते. आमचीने 2012, 2017 आणि 2022 अशा तीन परीक्षा दिल्या. चौथी 2027 मध्ये. नियम जाचक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. धूर सर्वांच्या छातीत जातो, आणि ज्या गाडीचा धूर मापात नाही, तिने घरी बसावे, मग ती कितीही रूपवान असो. तिने परीक्षा उत्तीर्ण व्हावी आणि मगच रस्त्यावर यावे, एवढीच आमची भूमिका.

एक दुसराही मार्ग शासनाने ठेवला आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी व 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळू शकते. मात्र मग ती प्रदर्शनास, जुन्या गाड्यांच्या रॅलीस, पेट्रोल भरण्यास किंवा दुरुस्तीस तेवढी बाहेर काढावयाची. नित्याच्या वापरास नाही. हा मान आमच्या गाडीस 2047 मध्ये लाभू शकेल. आम्हांस तो नको. भाजी आणावयास जी जाऊ शकत नाही, देवरीची पाटी जिच्यातून वाचता येत नाही, ती गाडी आच्छादनाखाली कितीही चकाकली तरी आमच्या लेखी ती मूर्तीच झाली.

खरी चिंता नियमाची नाही, मिस्त्रींची आहे. स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक इंजिनावर व दुसरे कानावर टेकवून दोष सांगणारा हा मनुष्य सत्तरीला आला आहे. दोन्ही मुलगे मोबाइलच्या धंद्यात गेले. गेल्या वर्षी मिस्त्रींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तीन महिने गाडी उभी होती आणि आम्ही दुसऱ्या कोणाच्या हाती ती दिली नाही. आता त्यांच्या हाताखाली एक मुलगा आला आहे. दिवसा कॉलेजात जातो, सायंकाळी येतो. मागच्या महिन्यात त्याने प्रथमच एकट्याने टॅपेट जुळविले. मिस्त्री स्टुलावर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. इंजिन सुरू झाले, ते थोडा वेळ ऐकत राहिले, मग उठून त्यांनी बॉनेट स्वतःच्या हाताने बंद केले आणि मजुरीचे पैसे त्या मुलाच्या हाती द्यावयास आम्हांस खुणावले.

गाडी बाहेर उभी आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी चहानंतर यावे. मुलांनी आत बसावयास हरकत नाही. मागच्या डाव्या दाराची कडी मात्र जरा वर उचलून ओढावी लागते.